हलत्या हातांचा वाद

वर्ध्यात वाद घालायला विषय लागत नाही, पानठेला पुरतो. 2010 च्या आसपास आर्वी नाक्याकडच्या आमच्या ठेल्यावर दोन वाद कायम मुक्कामाला असत. एक, कॉम्प्युटरवर विंडोज बरं की लिनक्स. दुसरा, व्हिडिओ गेम बटणं दाबून खेळायचा की हातपाय हलवून. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा, म्हणून दोन्ही बाजू मला साक्षीला ओढायच्या. दुकानदाराला साक्ष देणं परवडत नाही. गिऱ्हाईक दोन्हीकडे असतं. आता दुकान भाचा पाहतो, तेव्हा बोलायला हरकत नाही.

हात हलवून खेळायचं हे आमच्यासाठी तसं नवं नव्हतं. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे नकली व्हिडिओ गेम गल्लोगल्ली आले. त्यांच्यासोबत प्लास्टिकची बंदूक यायची आणि आम्ही दुपारभर बदकं पाडायचो. त्या बंदुकीतून काहीच सुटत नसे. उलट तीच पडद्याकडे बघायची. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा पडायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतल्या सेलला तो उजेड दिसला की बदक पडलं. आपल्याला फक्त एक लुकलुक जाणवायची. जुन्या फुगीर टीव्हीचा पडदा ज्या वेगाने ओळीओळीने उजळतो, त्याच्यावर हा सगळा हिशोब बसवलेला होता. घरात सपाट टीव्ही आला आणि बंदूक मुकी झाली. ती दुरुस्त करून द्या म्हणून लोक माझ्याकडे यायचे. बंदूक ठणठणीत असायची, टीव्ही बदललेला असायचा. हे गिऱ्हाइकाला पटवणं महाकठीण.

मग 2006 च्या नोव्हेंबरात निन्टेन्डोचा ‘वी’ अमेरिकेत बाजारात आला. आमच्या ठेल्यावरच्या एकाच्या साळ्याने तो तिकडून आणला आणि आम्ही सगळे जण त्याच्या हॉलमध्ये जमलो. हातात टीव्हीच्या रिमोटएवढी दांडी, ती रॅकेटसारखी फिरवायची, की पडद्यावरचा भिडू टेनिसचा फटका मारतो. रिमोटच्या आत हालचाल ओळखणारी चिप असते आणि तोंडाशी छोटा कॅमेरा. टीव्हीपुढे ठेवायच्या पट्टीला लोक सेन्सर म्हणायचे, पण त्या पट्टीत डोळ्यांना न दिसणारे दिवे असतात, बाकी काही नाही. बघण्याचं काम रिमोटच करतो. म्हणजे पट्टी बिघडली तर तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावूनही भागतं. मी ते करून दाखवलं तेव्हा यजमानाच्या आईने हात जोडले. टीव्हीपुढे आरती कसली, हे तिला कळेना.

पहिला तासभर धमाल आली. कुलरला एक टोला बसला, टीपॉय बाहेर गेली, घामाघूम झालो. त्यानंतर घरातल्या दहा वर्षांच्या पोराने खरी मेख दाखवली. तो दिवाणावर आडवा झाला आणि नुसतं मनगट झटकून आम्हा सगळ्यांना हरवलं. ‘मामा, तुम्ही कायले एवढे नाचून राहिले? एवढंच तर करा लागते.’ रिमोटला झटका कळत होता, खांदा कळत नव्हता. बटणवाल्या पक्षाला त्या दिवशी जे हत्यार मिळालं ते त्यांनी पुढे दोन वर्षं वापरलं. माझंही मत तेव्हाच बनलं. ज्या खेळात अंग हलवलं काय आणि न हलवलं काय गुण तेवढेच मिळतात, त्यात अंग हलवणं म्हणजे नाटक झालं.

2010 च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने किनेक्ट काढला, त्यात तर रिमोटही नाही. खोलीभर न दिसणारे ठिपके फेकायचे, ते कुठे कसे पडले यावरून माणसाचा आकार ओळखायचा. मला त्या यंत्राचं खरंच कौतुक वाटलं. पण उभं राहायला समोर सहा फूट मोकळी जागा हवी. वर्ध्याच्या मध्यमवर्गीय हॉलमधून दिवाण, टीपॉय, शिलाई मशीन आणि पाहुणे वजा केले तर सहा फूट शिल्लक राहत नाहीत.

याच किनेक्टने ठेल्यावरचे दोन वाद एकमेकांत गुंतवले. तो निघाला त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या ॲडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीने जाहीर केलं, की किनेक्ट कोणत्याही कॉम्प्युटरवर चालवणारा खुला ड्रायव्हर जो लिहील त्याला हजार डॉलर. मायक्रोसॉफ्टने नाराजी दाखवली तशी रक्कम वाढत तीन हजारांवर गेली. आठवड्याभरात हेक्टर मार्टिन नावाच्या स्पॅनिश तरुणाने ते जमवलं, तेही लिनक्सवर. त्याच्याकडे ज्याला किनेक्ट जोडायचा तो एक्सबॉक्ससुद्धा नव्हता. पुढे मायक्रोसॉफ्टनेच सूर बदलला. ड्रायव्हर जमल्याची बातमी आली त्या संध्याकाळी लिनक्सवाल्यांनी सगळ्यांना खर्रा खिलवला. त्यांचा मुद्दा एवढाच, की विकत घेतलेली वस्तू उघडून बघायचा हक्क माझा.

मला मात्र ते बक्षीस ऐकून दुसरंच बक्षीस आठवलं. वर्ध्याच्या माणसाला ते आठवायलाच हवं.

1929 साली अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं, उत्तम चरखा बनवणाऱ्याला. तेव्हाचे एक लाख. गांधीजी अजून वर्ध्याला राहायला यायचे होते. पण पुढे ज्या जिल्ह्यात चरखा घराघरांत गेला, वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ बसला, 1938 च्या डिसेंबरात मगन संग्रहालय उघडलं, त्या जिल्ह्याची सगळी यंत्रचर्चा त्या जाहिरातीच्या अटींत आधीच लिहिलेली दिसते. चरखा हलका हवा, खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने किंवा पायाने सहज चालवता यावा. बाईला आठ तास फारसं न दमता काम करता यावं. त्या आठ तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघावं. किंमत दीडशे रुपयांच्या आत. वेळेवर देखभाल केली तर वीस वर्षं न थांबता चालावा, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. शेवटची अट तर आजच्या लिनक्सवाल्याने लिहावी अशी आहे: पेटंट घ्यायचं तर घ्या, पण बक्षीस हवं असेल तर पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करा.

ते बक्षीस कुणालाही मिळालं नाही. अटी भारी होत्या. पण मी दुकानात बसून ती यादी पुन्हा पुन्हा वाचली आहे, कारण आमच्या ठेल्यावर इतकी वर्षं भांडून एकाही पक्षाने अशी यादी कधी केली नव्हती. आम्ही आधी यंत्र निवडायचो आणि मग त्याला शोभतील असे गुण शोधायचो.

चरख्यात हाताच्या हालचालीला लबाडी चालत नाही. आमच्या शाळेत सूतकताईचा तास होता, टकळी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, घेऊन बसावं लागे. चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो आणि डावा पेळू मागे ओढत नेतो. डाव्या हाताची चिमूट कधी सैल सोडायची आणि कधी धरायची, हे फक्त बोटांना समजतं. घाई केली की धागा तुटतो, रेंगाळलं की जाड गाठ येते. मनगट झटकून इथे सूत निघत नाही. हालचालीचा हिशोब धाग्यात दिसतो, म्हणून ती हालचाल खरी.

आणि गंमत बघा. तिकडे जगातल्या मोठ्या कंपन्या खेळात हात हलवायला लावण्यासाठी अफाट पैसा ओतत होत्या, तेव्हा इकडे मगनवाडीतल्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत हात हलवावा लागू नये म्हणून सौर ऊर्जेच्या चरख्यावर काम चाललं होतं. त्यावरही वाद आहेच. 1956 च्या कायद्यात खादीची व्याख्या हातसुताची आणि हातमागाची. सूर्याने फिरवलेल्या चरख्याचं सूत हातसूत म्हणायचं का? तत्त्वाचे लोक नाही म्हणतात. दिवसभर चाक फिरवून जिचा खांदा भरून येतो त्या बाईला विचारलं तर ती काय म्हणेल, याचा अंदाज मला आहे. 1929 च्या अटींतही ‘फारसं न दमता’ हे शब्द होतेच की. खेळात हात हलावा आणि कामात हलू नये, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं.

दवाखान्यात हा प्रश्न जास्त प्रामाणिकपणे विचारला गेला. पक्षाघातानंतर अधू झालेला हात परत चालता करण्यासाठी वीचे खेळ वापरायची टूम निघाली होती. कॅनडासह चार देशांत 141 रुग्णांवर याची चाचणी झाली; 2016 मध्ये तिचा निकाल आला. काहींना वी दिला, काहींना पत्ते, चेंडू असले साधे खेळ. दोन्ही गटांचे हात सुधारले, आणि वीवाले काही पुढे गेले नाहीत. म्हणजे हात हलला की फायदा झाला, मग यंत्र महाग असो की पत्त्याचा जोड असो. बटणवाले हे ऐकून खूश झाले. मला वाटतं हा निकाल दोन्ही पक्षांच्या विरुद्ध आहे.

किनेक्टचं उत्पादन 2017 च्या ऑक्टोबरात बंद पडलं. सात वर्षं, बस. वीस वर्षांची अट डोक्यात ठेवून हा आकडा वाचा.

आता विंडोज आणि लिनक्स. लिनक्सशी माझी ओळख टपालाने झाली. उबुंटू नावाचं लिनक्स काढणारे तेव्हा मागणी नोंदवली की सीडी फुकट घरी पाठवायचे, ती योजना 2011 पर्यंत चालली. तपकिरी रंगाचा पडदा उघडला, सगळं सुरेख दिसलं, आणि गाणं लावलं तर वाजेना. एमपीथ्रीवर पेटंट होतं, म्हणून ते वाजवणारा तुकडा त्यांनी सीडीत टाकला नव्हता. नेटवरून उतरवून घ्या म्हणाले. आणि माझा नेटचा मोडेम लिनक्सवर चालत नव्हता. नेटसाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हरसाठी नेट हवं. तत्त्व निर्मळ होतं, पण घरात लता मंगेशकर गप्प.

शिवाय आमच्या ठेल्यावरच्या एकाचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. त्याच्या सगळ्या फायली कोरलड्रॉमध्ये, अक्षरं श्री-लिपीची. त्या फॉन्टमध्ये ‘क’ च्या जागी आतून इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह बसलेलं असतं. फॉन्ट काढला की नवरदेवाच्या नावाचा खिचडा होतो. युनिकोड आलं तरी त्याची वीस वर्षांची कमाई त्या जुन्या अक्षरांत अडकलेली. त्याला लिनक्सचं स्वातंत्र्य समजावणाऱ्या प्राध्यापकाला तो एकच वाक्य ऐकवायचा, ‘सर, येत्या तिथीच्या आधी चारशे पत्रिका छापून द्या, मग बोलू.’ त्यात 2001 पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असं शिकवलेलं. ती सवय हा विंडोजचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि मी त्याला गुणच म्हणतो. अर्थात ते विंडोज बहुतेक घरी चोरीचं असायचं. चोरीच्या मालाशी तुलना करून फुकट मालाला महाग ठरवणं हा आमच्या बाजारपेठेचा खास विनोद.

पुढे दोन्ही वाद न सुटताच थंडावले. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, म्हणून विंडोजच्या बाजूने भांडणारा प्रत्येक जण खिशात लिनक्स घेऊन फिरू लागला. आणि फोन तिरका करून गाडी वळवणारी पोरं हात हलवून खेळणंच, म्हणजे मोशन कंट्रोलच वापरतात, त्याला कुणी तसं नाव देत नाही इतकंच.

विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. विंडोज 11 ला नवा प्रोसेसर आणि टीपीएम ही सुरक्षेची चिप लागते, म्हणून धडधाकट मशीन घेऊन लोक भाच्याच्या दुकानात येतात आणि भंगाराचा भाव विचारतात. तुमच्याकडे असं मशीन असेल तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर टाकून, काहीही इन्स्टॉल न करता दोन दिवस चालवून बघा. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, मराठी टंकता येतं का, हे तपासा. तुमच्या कामाच्या तीन-चार अटी कागदावर लिहा आणि त्या पुऱ्या झाल्या तरच ठेवा. लग्नपत्रिका छापत असाल तर मात्र नवं मशीन घ्या, प्राध्यापकांचं ऐकू नका.