आठवडा कुणाचा?

दिवाळीत नणंद मुरुडला आली होती. ती एका कॅथॉलिक शाळेत शिकवते. तिथल्या सिस्टरांकडून ऐकलेली संत बेनेडिक्टची नियमावली तिने भांडी पुसता पुसता मला सांगितली. इटलीत माँटे कॅसिनोच्या मठात ५३०च्या सुमारास लिहिलेली. मठातल्या पुरुषांनी पाळीपाळीने आठवडाभर स्वयंपाकघरात राबायचं. सूट फक्त आजाऱ्याला किंवा फारच महत्त्वाच्या कामात असलेल्याला. शनिवारी सगळ्यांचे पाय धुवायचे नि भांडी स्वच्छ करून परत द्यायची. मठातली भांडीकुंडी जपायची कशी, तर वेदीवरच्या पूजापात्रांसारखी. आपल्या देवघरातलं ताम्हण जपतो तशीच म्हणा ना!

मी गप्पच झाले. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात झाडू कायम मुलींच्याच हाती, आणि तो मीच दिलेला.

सुट्टी संपल्यावर मुलांचीही नावं फळ्यावर लिहिली. एक जण फुरंगटून म्हणाला, "बाई, हे पोरींचं काम हाय की!" तो माझाच मुलगा. बापाला स्वतःचं ताट उचलताना त्याने कधी पाहिलेलं नाही, त्याला काय बोलणार? तरी झाडायला लावलंच.

त्या रात्री मी ह्यांच्या ताटाला हात लावला नाही. दहा वाजले. सासूबाई उठू लागल्या, तेवढ्यात मुलानेच ते उचलून मोरीत नेऊन ठेवलं. ह्यांनी वर्तमानपत्र जरासं खाली केलं, एवढंच.