बंगळूरचा पाषाण, वॉशिंग्टनची भिंत

वाचकहो, अमेरिकेच्या राजधानीत जाण्याचा योग आलाच, तर व्हिएतनाम युद्धाचे स्मारक अवश्य पाहावे. स्मारक म्हटले की उंच स्तंभ डोळ्यांपुढे येतो. येथे मात्र जमिनीत उतरत गेलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आहेत. हा पाषाण आपल्या बंगळूरकडचा! त्यावर ५८,००० हून अधिक नावे कोरली आहेत. ना हुद्दा, ना वर्णानुक्रम. माणसे ज्या क्रमाने पडली, त्याच क्रमाने.

शाळांच्या सहली येथे येतात. नावावर कागद धरून पेन्सिल घासली की ते उमटते. पण ज्या युद्धाने घराघरांत वितुष्ट आणले, ज्याच्या निषेधापायी १९७० साली ओहायोतील केंट येथे ४ विद्यार्थी सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले, त्याविषयी मुलांना सांगावे तरी काय? या रचनेवरूनही वाद माजला होता. ती माया लिन या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची. १९८२ साली भिंत उभी राहिली. विरोधकांच्या समाधानार्थ १९८४ साली शेजारी तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. हा वादही शिक्षकांनी सांगावा, असे मला वाटते.

झिलईदार पाषाणात नावांबरोबर पाहणाऱ्याचा चेहराही दिसतो. व्हिएतनामी मृतांची नावे मात्र येथे नाहीत. एखाद्या चौकस मुलाने त्याचे कारण विचारले, तर गुरुजींना तेथे बराच वेळ थांबावे लागेल.