दोन बिऱ्हाडं

एका वाड्यात दोन बिऱ्हाडं नांदू लागली की भांडण कशावरून होईल याचा नेम नसतो. कधी नळावरून होतं, कधी जिन्याखालच्या अडगळीवरून. पण खोलात शिरलं तर मूळ कारण एकच, जागा. राजारामपुरीतल्या आमच्या घरात असा एक वाडा गेली आठ वर्षं टेबलाखाली उभा आहे. आकाराने लहानशा ट्रंकेएवढा, आणि बोलणं म्हणाल तर पंख्याची घरघर. त्याच्या पाचशे जीबीच्या हार्ड डिस्कवर एका अंगाला विंडोज राहतं आणि दुसऱ्या अंगाला लिनक्स. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं उमटतात. बाणाची कळ दाबून आपण हव्या त्या बिऱ्हाडाचं दार ठोठावायचं. या दारवानाला ग्रब म्हणतात. नाव ओबडधोबड आहे, पण माणूस कामाचा.

विंडोजकडचं बिऱ्हाड आमच्या आबांचं. वय ८४. तरुणपणी तालमीत अंग घुसळलेला हा माणूस रोज सकाळी चहा झाला की दोन तास लिहायला बसतो. शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या आणि १९१२ साली खुल्या झालेल्या खासबाग मैदानात त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या कुस्त्या, वस्तादांचे स्वभाव, खुराकाचे हिशेब, असं सारं त्यात आहे. तीनशे पानं झाली आहेत. मात्र ती आहेत एका जुन्या मराठी फॉन्टात. या जुन्या फॉन्टांची गंमत अशी की ते आतून इंग्रजी अक्षरंच साठवत आणि वरून मराठीचा मुखवटा चढवत. मुखवटा नसलेल्या घरी ते कागद नेले की वाक्यांचा चिवडा होतो. युनिकोडने ही पंचाईत मिटवली खरी, जुनं लिखाण त्यात बदलून देण्याच्या सोयीही आहेत. पण जोडाक्षरं अधूनमधून अडखळतात, आणि आबा प्रत्येक रफार तपासल्याशिवाय पुढचं पान उलटणार नाहीत.

त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या दुरुस्त्या बंद झाल्या. अकरावी आवृत्ती घ्यावी तर आमचं यंत्र तिच्या अटींत बसत नाही. म्हणून आबांच्या बिऱ्हाडाचं इंटरनेट मी तोडून टाकलं. त्यांना त्याचं सुखच झालं.

लिनक्सकडे मी आणि आमची लेक. हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्सने, १९९१ साली हा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. त्यावर उभी असलेली आमची प्रणाली डेबियन. तिच्या नावात इयन मरडॉक या तरुणाने १९९३ साली स्वतःच्या नावाआधी आपल्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव जोडलं. आपल्याकडे उखाण्यात एवढं धाडस होत नाही! तर या बिऱ्हाडाला मी सुरुवातीला चाळीस जीबी दिले होते. ते माझ्यापुरते उदंड होते. लेक इंजिनिअरिंगला गेली आणि तिच्या वह्या-पुस्तकांनी, म्हणजे प्रोग्रॅमांनी, वाडा तुडुंब भरला. ‘जागा शिल्लक नाही’ असा संदेश रोज दोनदा येऊ लागला.

“बाबा, आजोबांच्या भागात अडीचशे जीबी नुसते पडून आहेत. भिंत थोडी सरकवू या,” लेक म्हणाली.

आबांनी चष्म्यावरून पाहिलं. “माझ्या भिंतीला हात लावायचा न्हाई,” एवढंच म्हणाले आणि पेपर पुढे धरला.

भिंत सरकवता येते, नाही असं नाही. विभाग आकसवणारे चांगले कार्यक्रम आहेत आणि बहुधा ते बिनबोभाट काम करतात. पण सामान हलत असताना मध्येच लाइट गेली तर अर्धं इथे, अर्धं तिथे. ‘बहुधा’ या शब्दावर मी पूर्वी विसंबत असे. २०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत आत्याच्या घरात शिरलं, तेव्हा तिथे ठेवलेला आईच्या लग्नाचा अल्बम त्यात गेला. चिकटलेले फोटो आम्ही दोरीवर वाळत घातले होते. वाळले तेव्हा चेहरे नव्हते. त्या फोटोंची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

म्हणून ठरलं असं, की आबा जागचे हलणार नाहीत. आम्हीच नव्या डिस्कवर राहायला जायचं. पहिलं काम मी आबांच्या पानांच्या दोन प्रती करण्याचं केलं. एक कपाटात ठेवली, दुसरी पुण्याला बहिणीकडे धाडली. मग पाचशे जीबीची एसएसडी आणली. ती काड्यापेटीहून फार मोठी नव्हती. आबांनी ती तळहातावर घेऊन वजन पाहिलं आणि काही न बोलता परत दिली.

ज्या खाटेवर आपण निजलो आहोत तीच उचलून नेता येत नाही. तेव्हा संगणक पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला आणि झोपलेलं बिऱ्हाड आरसिंककडून नव्या जागी नेलं. हा हमाल मोठा इमानी. कुठली वस्तू कुणाची, कुणाला हात लावायची परवानगी, सारं जसंच्या तसं मांडतो. पाऊण तास लागला.

खरी मेख पत्त्याची असते. प्रत्येक विभागाला एक लांबलचक ओळख-क्रमांक असतो, मधल्या रेघा धरून छत्तीस खुणांचा. कुठला विभाग कुठे जोडायचा हे लिनक्स एफएसटॅब नावाच्या वहीत त्या क्रमांकावरून पाहतं. सामान नव्या घरी पोचलं तरी वहीत पत्ता जुनाच असतो. तो खोडून नवा लिहावा लागतो. मग नव्या डिस्कच्या दाराशी दारवान बसवायचा आणि यंत्राला सांगायचं की यापुढे आधी या दाराने ये.

तसं केलं, संगणक सुरू केला, आणि यादीत एकच नाव दिसलं. लिनक्स. विंडोज नाहीच.

आबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. ते काही बोलले नाहीत. खुर्चीच्या पाठीवरचा त्यांचा हात मात्र घट्ट झाला.

पानं जागच्या जागी असणार हे मला ठाऊक होतं, कारण जुन्या डिस्कवर मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पण चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला हे सांगून काय उपयोग? २०२१मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ग्रब सुरक्षिततेसाठी शेजारच्या घरात आपणहून डोकावत नाही. डोकाव, असं त्याला सांगावं लागतं. एक ओळ बदलली, यादी पुन्हा तयार करवली, आणि संगणक पुन्हा सुरू केला. दुसरं नाव उमटलं. आबांनी मला उठवून स्वतः बसकण मारली, विंडोज उघडलं, शेवटचं पान काढलं, कालच्या परिच्छेदावरून बोट फिरवलं, आणि मगच चहा मागितला.

रिकामे झालेले चाळीस जीबी लेकीला लगेच पुसायचे होते. मी थांबवलं. जुना दारवान अजून तिथेच राहतो. नव्या डिस्कने दगा दिला तर त्या दाराने आत शिरता येईल. महिनाभर असू दे.

चार दिवसांनी आबांनी तक्रार केली. पाच सेकंदांत नाव निवडलं नाही की ग्रब सरळ लिनक्सकडे नेतो, आणि त्यांचा चष्मा नेमका तेव्हाच सापडत नाही. मुदत मी तीस सेकंद केली. लेक म्हणते, रोज तेवढा वेळ वाट बघणं म्हणजे छळ आहे.

“एंटर दाब की मग,” आबा म्हणाले.