बारिचच्या बांधावरून

ज्या सायकलीवर बसून मी हा प्रवास केला तिला ‘ग्रॅव्हल बाइक’ म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखा खाली वाकलेला हँडल, अंगानं हलकी. मात्र टायर चांगला दीड इंच रुंद आणि खाचांचा. डांबरी सडक सोडून खडीच्या, मातीच्या, जंगलखात्याच्या वाटांनी हिंडण्यासाठी ही मुद्दाम घडवलेली असते. व्रोत्सवाफला नोकरी करणारा माझा भाचा तिचे गुण मोठ्या कौतुकानं सांगत होता.

मी म्हटलं, “अरे, आपल्या साकोलीकडे खडी अंथरल्यावर डांबराची वाट बघत वर्षानुवर्षं पडून राहिलेले रस्ते होते. त्यांवरून तुझे आजोबा कॅरिअरला धानाचं पोतं बांधून जायचे. मग ते कोण?”

“मामा, ते ग्रॅव्हल बायकर!” भाचा म्हणाला. “फक्त त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.”

व्रोत्सवाफ हे पोलंडच्या नैर्ऋत्य भागातलं ओद्रा नदीवरचं मोठं शहर. तिथून उत्तरेला रेल्वेनं तासा-दीड तासावर मिलिच नावाचं एक लहानसं गाव आहे. गाडीत सायकली टांगायला वेगळी जागा असते, त्यामुळे ‘लगेज’ करण्याची यातायात नाही. मिलिचला उतरलं की आपण बारिचच्या खोऱ्यात येतो. ही बारिच ओद्रेला उजवीकडून मिळणारी नदी. खोरं इतकं सपाट की नदीला वाहायचा कंटाळा आला असावा असं वाटतं. उतारच नाही, म्हणून पाणी जागोजाग थबकतं, आणि थबकलेल्या पाण्याभोवती आल्डर, ओक नि पाइन यांची गर्द राई माजते. नकाशात पाहिलं तर हिरव्या लुगड्यावर आरसे जडवावेत तशी तळी दिसतात. ती अडीचशेहून अधिक आहेत.

या सगळ्या प्रदेशाला १९९६ साली ‘लँडस्केप पार्क’ म्हणून संरक्षण मिळालं. क्षेत्रफळ ८७,०४० हेक्टर. पोलंडमधल्या अशा उद्यानांत हे सर्वांत मोठं. ‘उद्यान’ या शब्दानं कुणी बागेची कल्पना करू नये, आणि राष्ट्रीय उद्यानाचीही नको. राष्ट्रीय उद्यानात माणूस पाहुणा असतो. इथे तो घरचा असतो. गावं आहेत, शेती आहे, लाकूडतोड आहे, मासेमारी आहे. बंधन एवढंच, की या उद्योगांनी भूमीचा चेहरा बिघडता कामा नये. पोलंडात असं पहिलं उद्यान १९७६ साली ईशान्येकडच्या सुवाउकी भागात झालं आणि आज त्यांची संख्या सव्वाशेच्या घरात आहे. कल्पना मला फार आवडली. निसर्ग आणि माणूस यांचा घटस्फोट न करता दोघांना एका घरात नांदवायचं, असा हा कायदा आहे.

सायकलीच्या वाटांपैकी सर्वांत सुखाची वाट जुन्या रेल्वेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे एक अरुंद रुळांची छोटी गाडी सुरू झाली होती. दोन रुळांतलं अंतर ७५० मिलिमीटर, म्हणजे साधारण अडीच फूट. आपल्या यवतमाळच्या शकुंतलेची सख्खी बहीणच म्हणा ना! १९९१ साली ती बंद पडली. रूळ गेले, पण भराव राहिला, आणि त्या भरावावरून सुवुफ गावापासून मिलिचवरून ग्राबोव्हनित्सापर्यंत आता सायकली धावतात. वाटेत जुने डबे मांडून ठेवले आहेत. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ नाही की एकदम वळण नाही. चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी त्या इंजिनिअरांना मनोमन दुवा द्यावा.

ही वाट सोडून रानात शिरलं की खरी ग्रॅव्हलची मौज सुरू होते. झाडांच्या खोडांवर पांढऱ्या चौकोनात रंगीत पट्टा आणि इवलीशी सायकल रंगवलेली असते. एकेक रंग म्हणजे एकेक मार्ग. त्या खुणा शोधत जायचं. कधी चाकाखाली खडी कुरकुरते, कधी ओली पानं दबतात, आणि मध्येच पाइनच्या रानातली भुसभुशीत वाळू लागते. तिथे दीड इंचाचा टायरही हात टेकतो आणि स्वार मुकाट्यानं पायउतार होतो. पुढे अचानक झाडी सरते आणि आपण एका बांधावर येतो. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये गाडीवाटेएवढा बांध, आणि बांधावर शेकडो वर्षांचे ओक वृक्ष ओळीनं उभे. त्यांची मुळं बांध धरून ठेवतात. ते आपोआप उगवलेले नाहीत, कुणीतरी लावलेले आहेत, हे ती ओळ पाहिल्याबरोबर कळतं.

आणि इथेच या प्रदेशाचं गुपित उघडं होतं. मघापासून ज्याला आपण अरण्य म्हणत होतो ते मुळात माणसाच्या हातचं आहे. यांतलं एकही तळं देवानं दिलेलं नाही. मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी या दलदलीत बांध घालून मत्स्यपालन सुरू केलं. मठात मांस वर्ज्य, उपवास पुष्कळ, आणि उपवासाला मासा चालतो! तेव्हा कार्प मासा पाळणं ओघानंच आलं. तळ्यातून पाणी सोडण्याची जी मोरी असते तिला पोलिश मत्स्यपालक आजही ‘म्निख’ म्हणतात. म्निख म्हणजे मठातला साधू. पाण्यात एक चौकोनी खांब उभा असतो, त्याच्या खाचांत एकावर एक फळ्या बसवलेल्या असतात. फळी काढली की पाणी उतरतं, बसवली की चढतं. मराठी शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माणसाला हा शब्द म्हणजे मोठंच घबाड. मठ गेले, साधू गेले, पण शब्द मात्र कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून अजून पहारा देतो आहे.

आम्ही गेलो तो ऑक्टोबर, म्हणजे तळी रिकामी करण्याचा हंगाम. फळ्या एकेक काढत जातात. पाणी उतरत उतरत मोरीजवळच्या खोलगटात येतं आणि त्याबरोबर मासेही. मग छातीपर्यंत रबरी विजारी चढवलेले कोळी जाळं घेऊन उतरतात. हा कार्प विक्रीजोगा व्हायला साधारण तीन उन्हाळे लागतात, आणि २४ डिसेंबरच्या रात्री पोलंडातल्या घरोघरच्या ताटात तो लागतोच. त्याचा एक खवला पैशाच्या पाकिटात ठेवायचा, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो अशी समजूत आहे. लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकू वाहणाऱ्यांनी याला हसू नये.

अशाच एका तळ्यावर एक वृद्ध गृहस्थ बांधावर बसून जाळ्याचं काम न्याहाळत होते. भाच्यानं दुभाष्याचं काम केलं. त्यांचा जन्म इथला, वडील मात्र इथले नव्हेत. हे सांगताना त्यांनी १९४५ सालाचा उल्लेख केला, आणि त्या सालाचा अर्थ समजल्याशिवाय हे खोरं समजत नाही.

१९४५ पर्यंत हा मुलूख जर्मनीत होता. मिलिचची जहागीर १५९० पासून माल्त्सान नावाच्या जर्मन घराण्याकडे होती. त्यांच्या वाड्यात आता वनविद्येची शाळा भरते. महायुद्ध संपलं, सरहद्दी सरकल्या. जर्मन रहिवाशांना पश्चिमेकडे जावं लागलं आणि रिकाम्या घरांत इतरत्रचे पोलिश लोक आले. त्यांतले पुष्कळजण सोव्हिएत रशियाकडे गेलेल्या पूर्व पोलंडातले निर्वासित होते. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत जे हजारो पोलिश निर्वासित राहून गेले, तेही बहुतेक त्या पूर्व भागातलेच. असो.

वृद्ध गृहस्थांचे वडील गव्हाच्या मुलखातले शेतकरी. तळं म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा, एवढंच त्यांना ठाऊक. एक जर्मन कामगार अजून गावात राहिला होता. त्याला पोलिश येत नव्हतं, यांना जर्मन येत नव्हतं, आणि दोघांच्या देशांनी नुकताच एकमेकांचा रक्तपात पाहिला होता. तरी त्यानं त्यांना म्निखाजवळ नेलं, आणि कोणत्या महिन्यात किती फळ्या ठेवायच्या ते बोटांवर मोजून दाखवलं. “पुढच्या वसंतात तो निघून गेला,” ते म्हणाले. “वडील त्याचं नाव नीट उच्चारायला कधी शिकले नाहीत. फळ्या मात्र बरोबर लावायचे.”

त्या फळ्या लागत राहिल्या म्हणून आज तिथे पक्षी आहेत. तळं दोन-चार वर्षं ओस टाकलं की वेताएवढे बोरू माजतात, गाळ चढतो आणि पाण्याची दलदल होते. १९६३ साली इथल्या पाच हजारांहून अधिक हेक्टरांचा राखीव भाग झाला, १९९५ साली रामसर यादीत त्याचं नाव गेलं. आज तळी प्रांतिक सरकारच्या मालकीची कंपनी सांभाळते. पण कागदापेक्षा मोठी गोष्ट ही, की धनी बदलले तरी काम खंडलं नाही. संध्याकाळी ग्राबोव्हनित्साच्या मनोऱ्यावर चढलो. उतरत्या उन्हात क्रौंचांचे थवेच्या थवे तुतारीसारखा आवाज करीत उघड्या पडलेल्या गाळावर उतरत होते. वर एक पांढऱ्या शेपटीचा गरुड घिरट्या घालत होता. कुणी फळ्या काढल्या म्हणून गाळ उघडा पडला, आणि गाळ उघडा पडला म्हणून पाहुणे उतरले.

मला तेव्हा आमचे भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव आठवले. चंद्रपूर-गडचिरोली धरून ते साडेसहा हजारांच्या वर. कोहळी समाजाच्या पाणकरांनी उतार ओळखून बांध घातले, धान पिकवलं. ढिवरांनी मासे राखले. तेही माणसाच्या हातचंच अरण्य. १९५१ साली मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती, त्याबद्दल हळहळ नाही. पण तलाव सरकारी कागदावर चढताना गाळ कुणी काढायचा, पाळ कुणी बांधायची, हे बोटांवर मोजून कुणी कुणाला दाखवलं नाही. बऱ्याच तलावांत गाळ साचला, बेशरम माजली. गोंदियाच्या धानबांध्यांत जे मोजके सारस उरले आहेत ते या तलावांच्याच आधारानं. काही गावांत ढिवर बायांनी ती बेशरम उपटून पाणवनस्पती पुन्हा लावायला घेतल्या आहेत; त्या करतात ते काम या म्निखाच्या फळ्यांइतकंच मोलाचं आहे.

बारिचला जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जावं. सायकल भाड्यानं मिळते; पाऊसकोट आणि जाड मोजे न्यावेत, आणि राखीव भागात आखून दिलेल्या बांधांवरूनच फिरावं. तेवढं लांब जमत नसेल तर येत्या नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन नवेगावबांधला जावं, एखाद्या लहानशा गावतलावाची पाळ धरावी आणि सायकल हळू चालवावी. रस्त्याला खडी भरपूर आहे. आणि तलावावर कुणी म्हातारा भेटला, तर मोरी कधी उघडायची ते त्याला अवश्य विचारून घ्यावं.