मास्तरालाही सावड लागते

गोऱ्हा कामाला लावायचा असला म्हणजे तुम्ही काय करता? पहिल्याच दिवशी त्याला पेरणीच्या तिफणीला जुंपत नाही. जाणत्या बैलाच्या जोडीला त्याला जुवाखाली घालता, मोकळ्या रानात चार चकरा मारता, मग हळूहळू वखराला लावता. गोऱ्हा बिचकला, आडवा शिरला, मध्येच बसला, तर जाणता बैल त्याला सांभाळून घेतो. एका हंगामात गोऱ्हा तयार होतो.

हे मी तुम्हाला शिकवावे असे नाही, तुम्हीच मला शिकवाल. सांगायचे आहे ते वेगळेच. तुमच्या गावच्या शाळेत जो मास्तर येतो, त्याला मात्र आपण सगळे पहिल्याच दिवशी, ऐन मृगात, एकट्याला तिफणीला जुंपतो. पेर वाकडी गेली की म्हणतो, "हा बैल विका, दुसरा आणा." मी असा वाकडी पेर करणारा मास्तर होतो. माझीच गोष्ट सांगतो.

मी 1986 साली प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो आणि 2022 साली निवृत्त झालो. नोकरीची पहिली वर्षे नांदेड जिल्ह्यात गेली, पुढची लातूर जिल्ह्यात. डी.एड.ला असताना पाठ घेण्यात मी चांगला होतो. पण तिथे एक वर्ग, एक विषय, रंगीत तक्ते आणि मागे बसलेले मार्गदर्शक असत. गावात आलो तर दोन खोल्या, चार वर्ग आणि दोनच शिक्षक. पहिलीला अक्षरे द्यावीत तर चौथीचे गणित राहते, चौथीला घ्यावे तर पहिली गलका करते. त्यात निम्मी लेकरे तांड्यावरची. त्यांच्या घरी गोरमाटी बोलतात. मी फळ्यावर 'आई' लिहायचो, आणि त्यांची आई घरात 'याडी' असायची. मी 'भाकर' म्हणायचो, त्यांच्या ताटात 'बाटी' असायची. लेकरे माझ्या तोंडाकडे बघत बसायची आणि मला वाटायचे, हीच मंद आहेत.

मग मी सोपी वाट धरली. फळ्यावर धडा लिहायचा, लेकरांनी तो उतरवून घ्यायचा. वह्या भरलेल्या दिसत, अक्षर सुबक असे. वर्षाकाठी तपासणीला साहेब येत, वह्या चाळत, शेरे बहीत 'समाधानकारक' लिहीत, चहा घेत आणि जात. दहा वर्षे अशीच गेली. मी आळशी नव्हतो, दारू पीत नव्हतो, वेळेवर शाळा उघडत होतो. मला शिकवता येत नव्हते इतकेच. आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती.

1996 सालच्या पोळ्यानंतरची गोष्ट. एक शेतकरी सकाळीच शाळेत आला. त्याचा मुलगा माझ्याकडे चौथीत होता. बाप निरक्षर. दोन एकर कपाशीवर फवारणी करायची होती. औषधाच्या डब्यासोबत मराठीत छापलेला कागद होता. त्याने तो मुलापुढे धरला, "बघ रे, पंपाला किती टोपणं टाकायचं लिहिलंय?" मुलाने कागदाकडे पाहिले. वाचता येत नाही हे बापाला सांगायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "तीन." बापाने तीन टोपणे टाकली. कपाशी करपली.

तो माणूस भांडला असता तर मला बरे वाटले असते. तो ओट्यावर बसला आणि एवढेच म्हणाला, "गुरुजी, चार वर्षं लेकरू रोज शाळंत येतंय. वही तर भरलेली हाय. मग त्याला येईना कसं गेलं?"

मी काय उत्तर देणार? त्या कागदावर काय लिहिले होते ते मी नंतर वाचले. एका पंपाला एक टोपण.

ही गोष्ट गावभर झाली. लोकांनी सह्या करून वर अर्ज केला, "मास्तर बदला." मला कारणे दाखवा नोटीस आली. मी उत्तर लिहिले. नोटिशीने मला घाबरवले, पण शिकवायचे कसे ते काही तिने शिकवले नाही. आणि बदली झाली असती तर काय झाले असते? मी तसाच्या तसा दुसऱ्या गावाला गेलो असतो आणि तिथल्या लेकरांच्या वह्या भरल्या असत्या. आजारी बैल बाजारात नेऊन दुसऱ्याच्या गळ्यात बांधावा, तसाच हा प्रकार.

त्या काळात एक बरे घडले होते. 1994 साली जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातले पहिले पाच जिल्हे घेतले ते आपल्या मराठवाड्यातलेच. त्या वेळच्या नावांनी सांगायचे तर औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद. आसपासच्या दहा-पंधरा शाळा मिळून एक केंद्र, त्याला एक केंद्रप्रमुख, आणि केंद्रातल्या सगळ्या शिक्षकांची महिन्यातून एकदा बैठक. तिला आम्ही गटसंमेलन म्हणत असू. पुष्कळदा तिथे माहिती भरण्याचे तक्तेच चालत, हे खरे आहे. पण शेजारच्या शाळेचा मास्तर तोंडाने भेटत असे, हेही खरे.

अशाच एका गटसंमेलनात मी मागे गप्प बसलो होतो. माझी कथा सगळ्यांना ठाऊक होती. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या गावच्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ डबा घेऊन बसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, मी तुमच्या वर्गात येऊन बसू का? मागं बसते. कुणाला काही लिहून देणार नाही. जे दिसंल ते तुम्हालाच सांगते."

खरे सांगतो, मला राग आला. दहा वर्षे नोकरी झालेल्या माणसाच्या वर्गात मागे बसून दुसरीने बघायचे? पण त्या माणसाचे "येईना कसं गेलं" कानात होते. मी हो म्हटले. केंद्रप्रमुखांनी परवानगी दिली, बाईंचा वर्ग त्यांच्या सोबतच्या शिक्षकाने सांभाळला.

बाई आल्या, मागे भिंतीला टेकून बसल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी शिकवणीचा एकही शब्द काढला नाही. वहीचे पान माझ्यापुढे ठेवले. त्यावर लेकरे जशी बसली होती तशा रांगा काढल्या होत्या, आणि मी ज्याला प्रश्न विचारला त्याच्यापुढे टिंब दिले होते. 31 लेकरांपैकी 6 जणांपुढे टिंबे होती. सहाही पुढच्या रांगेतली, गावातली. तांड्याच्या लेकरांपुढे एकही टिंब नव्हते. ज्या मुलाने "तीन" सांगितले होते, त्याची जागा कोरी होती.

बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपंपर्यंत एकच करा. रोज प्रत्येकाचं नाव एकदा तरी तुमच्या तोंडून निघू द्या." बस, एवढेच. दहा सूचना दिल्या असत्या तर मी एकही पाळली नसती.

पुढच्या खेपेला मी त्यांच्या शाळेत गेलो. त्यांनी पहिलीला बाराखडी सरळ ओळीने शिकवली नव्हती. चार-पाच अक्षरे घ्यायची, त्यांतून लगेच शब्द करायचे, आणि शब्द लेकरांच्या घरातले. 'याडी' आधी, 'आई' मागून. चौथीची दोन हुशार लेकरे पहिलीच्या घोळक्यात बसून वाचून घेत होती, तेवढ्या वेळात बाई तिसरीचे गणित घेत होत्या. चार वर्ग एका खोलीत कसे हाकायचे, हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नव्हते, ते दोन तासांत डोळ्यांनी दिसले. तुम्हीही शेजाऱ्याचे रान बघूनच नवे वाण पेरता ना?

मग त्यांनी मला एक वही घालायला लावली. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक लेकराला जवळ घेऊन दोन मिनिटे वाचायला लावायचे, आणि कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, कोण वाक्यावर, ते लिहायचे. पहिल्या दिवशी 31 पैकी 19 जणांना साधे वाक्य वाचता येत नव्हते. तो आकडा लिहिताना माझा हात थरथरला. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत तो 7 वर आला.

गोष्ट इथे संपवली तर गोड होईल, पण खोटी होईल. कपाशी गेल्यामुळे त्या घराने मुकादमाची उचल घेतली आणि दिवाळीनंतर ते ऊसतोडीला गेले. लेकरू सोबत गेले. मी नीट शिकवायला लागलो तेव्हा तो वर्गात नव्हता. उन्हाळ्यात परत आल्यावर मी त्याला संध्याकाळी घरी बोलावून वाचायला शिकवले. तो शिकला, पण सातवीनंतर शाळेला आला नाही. आज तो शेती करतो. औषधाच्या डब्याचा मोबाइलवर फोटो घेतो, अक्षरे मोठी करतो आणि दोनदा वाचतो. भेटला की मला रामराम घालतो. त्याच्या रामरामाने मला अजून खाली बघावेसे वाटते.

पुढे माझे केस पिकल्यावर मलाही दुसऱ्यांच्या वर्गात मागे बसायला सांगू लागले. बहुतेक ठिकाणी काम जमले. एका ठिकाणी जमले नाही. त्या गृहस्थाला शिकवता येत होते, करायचे नव्हते. मी सहा खेपा घातल्या, तीनदा शाळेला कुलूप होते. मग मला लेखी मत मागितले गेले.

वाचकहो, ही वेळ फार अवघड असते. 'येत नाही' आणि 'करत नाही' यांत फरक आहे. येत नाही त्याला सावड द्यावी, करत नाही त्याचा हिशेब मागावा. पण आपल्याच भाऊबंदाविरुद्ध लेखणी कशी उचलायची? दोन रात्री मला झोप नव्हती. शेवटी मी कागद लिहिला, आधी त्यांच्याच घरी नेला आणि त्यांना वाचून दाखवला. म्हटले, "यात खोटं असेल ते सांगा, खोडतो." ते गप्प राहिले. मी तो दिला. आमचे बोलणे बंद झाले. पण मी झाकले असते तर त्याची किंमत त्या गावच्या लेकरांनी भरली असती, आणि ती किंमत केवढी असते ते मला करपलेल्या कपाशीने शिकवले होते.

हा पेच केवळ आपलाच नाही. अमेरिकेत ओहायो राज्यात टोलेडो नावाचे शहर आहे. तिथल्या शिक्षक संघटनेनेच पुढाकार घेऊन 1981 साली अशी रीत घातली की जाणत्या शिक्षकांना काही वर्षे स्वतःच्या वर्गातून मोकळे करायचे, आणि त्यांनी नव्या व अडखळणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात बसून त्यांना घडवायचे. शेवटी मतही त्यांनीच द्यायचे. निर्णय मंडळाचा, आणि मंडळात संघटनेची माणसेही असतात, प्रशासनाचीही. जपानात शिक्षक एकत्र बसून एकाचा पाठ बघतात आणि चर्चा माणसाची करत नाहीत, पाठाची करतात. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गेले. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' सुरू झाले, त्या सुमारास तर रीघ लागली होती. तेही शेजाऱ्याचे रान बघणेच होते.

आता तुम्ही विचाराल, यात आम्ही काय करावे? पुष्कळ करता येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत, आणि निम्म्या सदस्य बायका असायला हव्यात. त्या जागा नावापुरत्या राहू देऊ नका. भिंतीच्या रंगाइतकेच वाचनाचे विचारा. संध्याकाळी लेकराला वही दाखव म्हणू नका, त्याने न पाहिलेला कागद द्या. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर द्या, सोसायटीची पावती द्या, आणि वाच म्हणा. आलेच नाही तर लेकराला मारू नका, तो लाजून "तीन" सांगेल.

मग शाळेत जा. सह्यांचा अर्ज घेऊन नव्हे, साधे जा. मास्तरांना एवढेच विचारा, "गुरुजी, तुमच्या मदतीला वर्गात कोण येतं?" कोणी येत नसेल तर केंद्रप्रमुखांना सांगा, आमच्या गुरुजींना सोबत द्या. एवढे करूनही शाळेला कुलूपच दिसले, तर मग खुशाल अर्ज करा, पहिली सही माझ्यासारख्याची घ्या.

एक बैलवाला दुसऱ्या एक बैलवाल्याशी सावड करतो तेव्हा त्यात कोणाचा कमीपणा नसतो. दोघांचीही पेर साधते. त्या बाई आता नाहीत. त्यांनी काढलेले टिंबांचे पान मात्र माझ्या पेटीत आहे. कोऱ्या जागा अजून कोऱ्याच दिसतात. तुमच्या गावच्या शाळेत अशी कोरी जागा कोणाच्या लेकराची आहे, तेवढे एकदा जाऊन बघा.