शांतिनिकेतन : जिथे हातही शिकतात

मुलगा दहावीला गेला की आपल्या घरात पहिली गदा येते ती त्याच्या रंगपेटीवर. "चित्रे काढून पोट भरते काय?" हा आपला ठरलेला प्रश्न. शाळेतही चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांनी मागून घेण्याचा तास. असे म्हणणाऱ्या आईवडिलांनी एकदा तरी पश्चिम बंगालमधील शांतिनिकेतन पाहावे, असे मला मनापासून वाटते. २०१७ च्या हिवाळ्यात रजा प्रवास सवलत घेऊन आम्ही सहकुटुंब गेलो होतो. कचेरीतील मंडळी दार्जिलिंगला निघाली होती. आम्ही बोलपूरचे तिकीट काढले.

हावड्याहून रेल्वेने अडीच-तीन तासांत बोलपूर येते. स्थानकाबाहेर सायकलरिक्षा आणि 'टोटो' म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा उभ्या असतात. गाव मागे पडले की लाल माती आणि उंच झाडे सुरू होतात. या माळावर देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८६३ साली जागा घेतली आणि १९०१ साली त्यांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी मूठभर मुलांना घेऊन शाळा काढली. १९१९ मध्ये कलाभवन सुरू झाले, १९२१ मध्ये विश्वभारती. वर्ग आजही झाडाखाली भरतात. बुधवारी सुट्टी असते. चित्र, गाणे, नाच आणि नाटक हे येथे शिक्षणाचे अंग मानले गेले. अभ्यास संपल्यावरची करमणूक नव्हे.

मला मात्र ओढ होती ती रामकिंकर बैज यांचे काम पाहण्याची. बांकुड्यातील नाभिक कुटुंबात १९०६ साली त्यांचा जन्म झाला. घरी पैसा नाही, शिक्षण जेमतेम. पोरवयात ते नाटकाचे पडदे आणि पाट्या रंगवीत. 'मॉडर्न रिव्ह्यू'चे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्यांचा हात ओळखला आणि १९२५ साली हा मुलगा कलाभवनात नंदलाल बोस यांच्यापुढे उभा राहिला. पुढे तो तेथेच शिक्षक झाला. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दारात यक्ष-यक्षीच्या प्रचंड मूर्ती आहेत, त्या याच हातांच्या. १९७० साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

कलाभवनाच्या आवारात त्यांचे 'संथाल कुटुंब' हे १९३८ चे शिल्प आहे. खांद्यावर कावड घेतलेला बाप, कावडीच्या टोपलीत मूल, डोक्यावर ओझे घेतलेली आई आणि बरोबर चालणारे कुत्रे. संगमरवर नाही, कांसे नाही. तेथील लाल खडी आणि सिमेंट कालवून हे घडवले आहे. ज्यांच्या श्रमावर जग चालते, पण ज्यांचा पुतळा कोणी उभारत नाही, त्यांना रामकिंकरांनी उघड्यावर मोठे करून उभे केले. दुसरे शिल्प 'गिरणीची हाक', १९५६ चे. भोंगा झाल्यावर कामाला धावणाऱ्या दोन बाया, मागे पोर, वाऱ्यावर उडणारी लुगडी. माझी पत्नी बराच वेळ ते पाहत राहिली. तिचे वडील गिरणीत होते. "यांना आपली घाई कशी कळली हो?" एवढेच ती म्हणाली.

जवळच झाडांमध्ये 'सुजाता' उभी आहे. बारीक, उंच मुलगी. डोक्यावरचे भांडे नंदलालांच्या सूचनेवरून नंतर आले आणि ती बुद्धांना खीर देणारी सुजाता झाली. ज्या चांडालकन्येची, प्रकृतीची, गोष्ट आपण बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात वाचतो, तिच्यावर रवींद्रनाथांनी १९३३ मध्ये 'चंडालिका' हे नाटक लिहिले आणि १९३८ मध्ये त्याची नृत्यनाटिका केली. तिच्या हातचे पाणी भिक्खू आनंद पितात आणि तिला स्वतःचे माणूसपण कळते, हे भाषणात सांगणे वेगळे आणि एखाद्या मुलीने ते रंगमंचावर उभे करणे वेगळे.

मग तेथे सारे समतेचेच होते काय? तसे नाही. सुरुवातीच्या काळात, ब्राह्मण विद्यार्थ्यांनी ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पाया पडावे की नाही, हा वाद याच आश्रमात झाला होता. ही जागा पुढे बदलत गेली, तेही सांगितले पाहिजे. आसपासच्या खेड्यांतील गरीब मुलांसाठी १९२४ साली 'शिक्षासत्र' नावाची शाळा निघाली. नंतर ती जवळच्या श्रीनिकेतनात गेली. तेथे अक्षरांबरोबर बागकाम आणि विणकामही अभ्यासातच होते. श्रीनिकेतनात चामड्यावरील रंगकामही शिकवले गेले आणि त्या पिशव्या व पाकिटे आज देशभर विकली जातात.

चामडे म्हटले की आपल्या वाचकांच्या मनात काय येईल ते मी जाणतो. आमच्या अभ्यासिकेत ढोलकीचा वर्ग काढायचे ठरले, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "बापजाद्यांनी दारोदार वाजवले, ते कमी झाले काय?" त्यांचा राग खरा आहे. जातीने लादलेली गलिच्छ कामे सोडा, असे बाबासाहेबांनीच सांगितले. परंतु त्यांनी झिडकारली ती सक्ती आणि तिच्यातली लाचारी. हातातले कसब नव्हे. जातीने हात आणि डोके वेगळे केले. डोक्याचे काम वरच्यांचे, हाताचे काम आपले आणि म्हणून हलके. आपणही मुलांना फक्त पाठांतर देऊन हात हलकाच ठरवला, तर तीच वाटणी आपण पुढे चालवतो.

चित्र काढणारे मूल आधी नीट पाहायला शिकते. नाटकात काम करणारी मुलगी चारचौघांत उभी राहून बोलायला शिकते. हे पुढे मुलाखतीत कामी येते. चुकलेली रेघ पुसून पुन्हा काढण्याचा धीर कोणत्याही गाईडमध्ये मिळत नाही. मी स्वतः बी. कॉम. झालेला हिशेबाचा माणूस आहे. खर्च आणि मिळकत पाहूनच हे सांगतो. कला शिकलेला प्रत्येक मुलगा रामकिंकर होणार नाही, आणि मार्कांकडे दुर्लक्ष करा असेही माझे म्हणणे नाही. आपल्या राज्यात एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा आहेत आणि त्यांतील श्रेणीचे वाढीव गुण दहावीला देण्याची तरतूदही आहे. शाळेत चौकशी करा आणि मुलांना बसवा.

शांतिनिकेतनला २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी निदान रविवारी विहारात मुलांसाठी रंगांचा एक तास ठेवावा. येत्या भीमजयंतीला ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातून थोडी रक्कम वाचवून कागद आणि रंग आणावेत आणि मंडपाच्या कनाती मुलांनाच रंगवू द्याव्यात. त्यांनी काय काढले, ते मोठ्यांनी शांतपणे उभे राहून पाहावे. एवढे तरी आपल्याला करता येईल.