वाढीचें चिन्ह

मनुष्याप्रमाणें त्यानें निर्मिलेल्या भाषांनाहि संवयी जडतात, आणि त्या मोडतांना पडणारे कष्ट दोहोंकडे सारखेच असतात. आपल्या बोलण्यांत एखादा शब्द दोन अर्थांनीं आला, तर ऐकणारा प्रसंग पाहून योग्य तो अर्थ घेतो. संगणकाला प्रसंग कळत नाहीं. लिहून दिलेली आज्ञा तो अक्षरशः पाळतो. म्हणून त्याच्या भाषेंत एकाच चिन्हावर दोन कामें सोंपविलीं म्हणजे केव्हां ना केव्हां तीं एकमेकांवर आदळतात. पीएचपी नांवाच्या भाषेंत असें एक चिन्ह आहे, आणि त्याची हकीकत विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याजोगी आहे.

अधिकाचीं दोन चिन्हें जोडून लिहिलीं कीं ‘यांत एक मिळवा’ अशी आज्ञा होते. पांचाचे सहा होतात, नव्व्याण्णवांचे शंभर होतात. परंतु संख्येच्या जागीं अक्षरें असलीं तर काय व्हावें? सी भाषेंत प्रत्येक अक्षर म्हणजे एका कोष्टकांतील क्रमांक समजतात. सामान्यतः तेथें मोठ्या ‘झेड’चा क्रमांक ९० असतो, एक मिळविला कीं ९१ होतात, आणि त्या घरांत अक्षर नसून चौकोनी कंस बसलेला असतो. लॅरी वॉल यांनीं १९८७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेनें निराळी रीत पत्करली. तींत ‘ए’पुढें ‘बी’ येतो, ‘झेड’पुढें ‘एए’ येतो आणि ‘ए९’पुढें ‘बी०’ येतो. रास्मस लेरडॉर्फ यांनीं १९९५ मध्यें लोकांपुढें ठेविलेल्या पीएचपीनें हीच रीत उचलली. हिशेबाच्या तक्त्यांत ‘झेड’च्या रकान्यानंतर ‘एए’चा रकाना ज्यानें पाहिला असेल, त्यास ही सोय किती उपयोगाची आहे हें सांगावयास नको.

तथापि ही सोय अर्धवट होती. ‘ए’चा ‘बी’ होई, पण ‘बी’चा पुन्हां ‘ए’ होत नसे. घटीचें चिन्ह लाविलें तरी ‘बी’ मुकाट्यानें जागच्या जागीं राही. जेथें कांहींच मूल्य ठेविलेलें नाहीं अशा रिकाम्या जागेस वाढविलें तर एक मिळे, घटविलें तर ती रिकामीच राही. आपल्या मराठी अक्षरांची तर तेथें दादच नव्हती. ‘क’ला वाढविलें तर ‘ख’ होत नसे. ‘क’ तो ‘क’च. संगणक तक्रार करीत नसे, आणि काम झालें असें समजून लिहिणारा पुढें जाई.

सर्वांत मोठा खळगा मात्र ‘ई’ या अक्षरापाशीं होता. शास्त्रीय लिखाणांत मोठ्या संख्या थोडक्यांत मांडण्यासाठीं दोन आंकड्यांमध्यें ‘ई’ लिहितात. ‘२ई३’ म्हणजे दोन गुणिले दहाचा तिसरा घात, अर्थात् २०००. आतां ‘५डी९’ला एकानें वाढवा. नियमाप्रमाणें ‘५ई०’ मिळेल. येथवर ठीक. पुन्हां वाढवूं लागलों कीं संगणक त्याकडे अक्षरमाला म्हणून न पाहतां संख्या म्हणून पाहतो: पांच गुणिले दहाचा शून्यावा घात, म्हणजे पांच; आणि पांचांत एक मिळवून सहा! ‘५ई१’ यावयाचें, तेथें ६ येऊन उभे राहतात.

हें केवळ विद्वानांचें कोडें नव्हे. माझी मावशी ज्या धर्मार्थ दवाखान्यांत जाते, तेथें फार जुन्या केसपेपरांना साधे क्रमांक होते. पुढें कपाट, खण व गठ्ठा यांवरून क्रमांक देऊं लागले, आणि पांचव्या कपाटापासून तें काम संगणकाकडे गेलें. एके दिवशीं मावशीच्या नव्या कागदावर नुसता ६ पडला. कांहीं दिवसांनीं खरे सहा क्रमांकाचे वृद्ध गृहस्थ आले, तों मावशीचा कागद त्यांच्या नांवानें बाहेर निघाला. त्यांच्या मूळ कागदावर पेनिसिलिन सोसत नाहीं असें तांबड्या शाईनें लिहिलेलें होतें; या कागदावर अर्थातच तें नव्हतें. वीस वर्षे त्यांना ओळखणारे कंपाउंडर जागेवर होते म्हणून निभावलें. “आजोबा, थांबा, हा कागद तुमचा नव्हे,” एवढेंच ते म्हणाले. मावशीनें मला ती आज्ञावली पाहावयास सांगितली, तेव्हां ‘५ई०’ पाहून मला उलगडा झाला. लिहिणाऱ्यानें कुचराई केली होती असें म्हणवत नाहीं. त्यानें भाषेच्या शब्दावर विश्वास ठेविला होता.

२३ नोव्हेंबर २०२३ रोजीं पीएचपीची ८.३ ही आवृत्ति निघाली, तींत या बाबतींत सुधारणा झाली. तेथें अशा बदलाचा मसुदा सर्वांपुढें मांडतात, त्यावर खल होतो, आणि मतदारांपैकीं दोनतृतीयांश अनुकूल असतील तरच तो स्वीकारतात. या बदलानें अक्षरांच्या वाढीसाठीं ‘स्ट्र-इन्क्रिमेंट’ आणि घटीसाठीं ‘स्ट्र-डिक्रिमेंट’ अशीं दोन स्वतंत्र फंक्शनें दिलीं. पहिल्यास ‘५ई०’ दिलें तर तें ‘५ई१’च परत देतें; दुसऱ्यास ‘बी०’ दिलें तर ‘ए९’ मिळतो. रोमन अक्षरें व आंकडे यांखेरीज दुसरें कांहीं दिलें, तर तीं स्पष्ट नकार देतात. जुनें चिन्हहि, ज्या मालेला तें वाढवूं शकत नाहीं तिच्याजवळ आतां इशारा देऊं लागलें. मात्र अक्षरांवरील त्याची जुनी वाढ ८.३ मध्यें एकदम बंद केली नाहीं; नव्या लिखाणांत ती टाळावी, एवढेंच सांगितलें.

ही दिरंगाई मला भ्याडपणाची वाटत नाहीं. जुन्या रीतीवर विसंबून लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या दुकानांत, कचेऱ्यांत व शाळांत चालूं आहेत. एका रात्रींत नियम पालटला तर त्या अडतील, आणि ज्यांनीं चिन्हाचें नांवहि ऐकलें नाहीं अशा लोकांचा खोळंबा होईल. उलट, संवय जुनी आहे म्हणून ती तशीच राहूं द्यावी, हेंहि त्या वृद्ध गृहस्थांकडे पाहून म्हणवत नाहीं. आधीं नवी वाट बांधावी, मग जुनीच्या तोंडाशीं पाटी लावावी, आणि लोक नव्या वाटेनें जाऊं लागल्यावर जुनी बुजवावी, हा क्रम मला शहाणपणाचा दिसतो.

दवाखान्याच्या आज्ञावलींत बदल एका ओळीचा होता. चुकलेले कागद एकेक काढून त्यांवर योग्य क्रमांक घालण्यास मात्र कंपाउंडरांना व मला दोन रविवार लागले. विद्यार्थी मित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळजण पुढें संगणकाला आज्ञा लिहाल. एका चिन्हानें दोन कामें होत असलेलीं पाहून कौतुक वाटेल, तेव्हां तीं कामें कोठें आदळतील हें आधीं शोधावें. ज्याला कळत नाहीं त्यानें ‘मला कळत नाहीं’ असें म्हणावें, हा गुण माणसांत असावा लागतो, तसाच यंत्रांतहि असावा लागतो.